ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स: प्रश्न कुठवर आला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे घराघरांतले धडधाकट संगणक त्या दिवशी जुने ठरले. त्यांतल्या काहींवर आता उबुंटू, मिंट किंवा फेडोरा असा लिनक्सचा एखादा डिस्ट्रो, म्हणजे तयार संच, बसवला जात आहे. दुसरीकडे अभियांत्रिकीची मुले मशीन लर्निंगच्या प्रकल्पासाठी पहिल्यांदा लिनक्सकडे वळतात, कारण एनव्हिडियाच्या कार्डावर कुडा हे त्या कंपनीचे आकडेमोडीचे साधन चालवायचे असते. या दोघांची गाडी बहुतेकदा एकाच जागी अडते. वाय-फाय लागते, आवाज येतो, मराठी अक्षरेही नीट दिसतात. मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकून संगणक पुन्हा सुरू केला की पडदा काळाच राहतो.

या अडचणीवर सल्ला भरपूर मिळतो, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. कोणी सांगतो, कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्या. कोणी म्हणतो, तिकडे फिरकूही नका. तिसऱ्याच्या मते एनव्हिडियाचे कार्डच घ्यायला नको होते. तिघेही अनुभवाचेच बोलत असतात. हे मतभेद कुठून आले, त्यांतले काय मिटले आणि काय तसेच राहिले, हे या लेखात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. नवख्याची ही अडचण त्याच्या अज्ञानातून आलेली नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणारे, कार्ड बनवणारे आणि डिस्ट्रो बांधणारे यांच्यात कोणी काय सांभाळायचे हे गेली पंचवीस वर्षे पुरते ठरलेले नाही, आणि त्याचा भार पडद्यासमोर बसलेल्या माणसावर येतो.

ड्रायव्हर म्हणजे एक वस्तू नव्हे

विंडोजवर ड्रायव्हर म्हणजे एक फाइल उतरवायची आणि 'नेक्स्ट' दाबत जायचे, एवढीच आपली ओळख असते. लिनक्सवर त्याचे तुकडे वेगवेगळे दिसतात. एक तुकडा कर्नलच्या आत चालतो: तो कार्ड ओळखतो, त्याची मेमरी सांभाळतो, पडद्याचे रिझोल्यूशन ठरवतो. दुसरा कर्नलबाहेर असतो: खेळ किंवा ब्राउझर ओपनजीएल वा व्हल्कनच्या भाषेत जे मागतात त्याचे तो कार्डाला कळेल असे रूपांतर करतो. मुक्त, म्हणजे कोड खुला असलेल्या, ड्रायव्हरांसाठी हे काम मेसा करते. ब्रायन पॉल यांनी तो प्रकल्प १९९३मध्ये सुरू केला. तिसरा तुकडा म्हणजे फर्मवेअर, खुद्द कार्डातल्या लहान प्रोसेसरवर चालणारा. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरात पहिले दोन तुकडे अगदी एकाच आवृत्तीचे असावे लागतात. एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला की काहीच चालत नाही.

त्यातच कर्नलचे एक जुने धोरण आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी कर्नलचे वागणे बदलू द्यायचे नाही याबद्दल लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स आणि त्यांचे सहकारी कमालीचे काटेकोर आहेत. पण कर्नलच्या आतली रचना ते हवी तेव्हा बदलतात. त्यांतलेच एक ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी या धोरणाची बाजू मांडणारे टिपण कर्नलच्याच कागदपत्रांत ठेवले आहे. त्याचा आशय असा, की ड्रायव्हरचा कोड कर्नलमध्ये आणून द्या, मग आतली रचना बदलणारेच तुमचा ड्रायव्हरही त्याच हाताने दुरुस्त करतील. ज्यांनी कोड दिला त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. ज्यांनी दिला नाही त्यांना प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपला तुकडा पुन्हा जुळवावा लागतो, पुन्हा बांधावा लागतो. काल चालणारा पडदा आजच्या अपडेटनंतर काळा होतो, त्यामागे बहुतेकदा हेच असते.

तीन कंपन्या, तीन वाटा

इंटेलची गोष्ट थोडक्यात संपते. आपल्या चिपचे ड्रायव्हर तिने फार पूर्वीपासून कर्नलमध्ये आणि मेसामध्ये मुक्तपणे दिले, आणि म्हणून त्यांविषयी नवख्याला काही करावेच लागत नाही. २००८च्या सुमारास नेटबुकांत आलेली जीएमए ५०० ही चिप तेवढी अपवाद. तिचा गाभा दुसऱ्या कंपनीचा होता आणि ती घेतलेल्यांनी फार सोसले.

एएमडीची वाट वळणाची आहे. २००६मध्ये तिने एटीआय विकत घेतली तेव्हा एटीआयचा एफजीएलआरएक्स हा बंदिस्त ड्रायव्हर तक्रारींचे माहेरघर होता. सप्टेंबर २००७मध्ये कंपनीने कार्डांची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्याची घोषणा केली. फळ लगेच आले नाही. एएमडीजीपीयू हा नवा मुक्त ड्रायव्हर २०१५मध्ये कर्नल ४.२मध्ये दाखल झाला, आणि २०१६च्या उबुंटू १६.०४मधून एफजीएलआरएक्स काढून टाकला गेला. म्हणजे घोषणेपासून जुने दार बंद होईपर्यंत नऊ वर्षे गेली. आज एएमडीचे कार्ड लावणाऱ्याने काहीही उतरवून घेऊ नये हाच बहुतेकांसाठी योग्य सल्ला आहे. नवख्याची चूक इथे उलट्या दिशेने होते: सगळे चालत असताना विंडोजच्या सवयीने तो कंपनीचे पॅकेज शोधून टाकतो आणि असलेली घडी मोडतो. कार्ड बाजारात अगदी नवे असेल तर मात्र कर्नल, मेसा आणि फर्मवेअर तेवढेच नवे लागतात.

एनव्हिडियाने तिसरी वाट धरली. तिचा लिनक्स ड्रायव्हर बंदिस्त होता, पण वेगात आणि सोयींत विंडोजच्या तोडीचा. संशोधन संस्थांना आणि चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे काम करणाऱ्यांना तोच हवा होता. कंपनीने 'एनव्ही' नावाचा एक छोटा मुक्त ड्रायव्हरही ठेवला होता, पण त्यातून जेमतेम द्विमितीय चित्र उमटे आणि त्याचा कोड वाचून कार्डाविषयी फारसे काही कळत नसे. २००५च्या सुमारास स्टेफान मार्शेसिन आणि इतर काही जणांनी त्यावर नुव्हो हा प्रकल्प उभा केला. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'नवा'. कागदपत्रे नसल्यामुळे बंदिस्त ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो याची नोंद करायची आणि त्यावरून कार्डाचे व्याकरण ताडायचे, अशी ही पद्धत होती. परकी लिपी उलगडण्यासारखेच हे काम, आणि बराच काळ ते स्वयंसेवकांनी केले. २०१०मध्ये कर्नल २.६.३३बरोबर नुव्हो मुख्य प्रवाहात आला.

नुव्होला खरा धक्का २०१४मध्ये बसला. त्या वर्षी आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाची कार्डे कंपनीने स्वाक्षरी केलेले फर्मवेअरच स्वीकारू लागली. त्या फर्मवेअरशिवाय कार्डाची गती वाढवता येत नाही, म्हणून नुव्होवर ही कार्डे सुरुवातीच्या मंद गतीलाच अडकून पडली. कंपनीवरचा रोष तेव्हा आधीच शिगेला पोहोचलेला होता. २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी तो ज्या हावभावात व्यक्त केला तो पुढे जगभर पाहिला गेला. कंपनीची बाजूही नोंदवली पाहिजे. ड्रायव्हरचा मोठा भाग विंडोज आणि लिनक्सला सामाईक आहे, त्यात इतरांकडून परवान्यावर घेतलेले तंत्र असू शकते, आणि स्पर्धकांपासून राखायची गुपितेही त्यातच असतात, असे तिच्या वतीने मांडले जाते.

नेमके कुठे अडते

पुढचे सगळे मुख्यतः एनव्हिडियाविषयी आहे, कारण गाडी मुख्यतः तिथेच अडते.

पहिली अडचण ड्रायव्हर टाकण्याआधीच येते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू होतो तेव्हा कार्ड नुव्होच्या हाती असते. कार्ड नवे असेल तर नुव्होला ते झेपत नाही आणि पडदा गोठतो. अशा वेळी सुरुवातीच्या ग्रब मेनूत 'ई' दाबून, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडतात. उबुंटूच्या मेनूतली 'सेफ ग्राफिक्स' ही निवडही हेच करते. पडदा दिसू लागतो, पण साध्या रूपात. ही कुबडी आहे, तात्पुरती. अनेक जण तो शब्द कायमचा लिहून ठेवतात आणि मग सगळे मंद का चालते याचा शोध घेत बसतात.

दुसरी अडचण सिक्युअर बूटची, आणि माझ्या मते नवख्याला सर्वात जास्त चकवणारी हीच. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल स्वाक्षरी नसलेला तुकडा आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर घालताना उबुंटूसारखी व्यवस्था एक पासवर्ड ठरवायला सांगते, आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. काही सेकंद कळ दाबली नाही तर तो पडदा निघून जातो. काही तरी बिघडले असे वाटून माणूस घाईने 'कंटिन्यू बूट' निवडतो; किल्ली नोंदली जात नाही, ड्रायव्हर शिरत नाही, आणि कुठेही चूक झाल्याचा ठळक संदेश दिसत नाही. नंतर कार्डाची स्थिती दाखवणारी 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा चालवली की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही एवढेच उत्तर मिळते. यावर सिक्युअर बूट बंदच करा असे सर्रास सांगितले जाते. त्याने काम होते, पण सुरक्षेचा एक थर जातो. किल्ली नोंदवण्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

तिसरी अडचण कर्नलच्या अपडेटनंतरची. बाहेरचा तुकडा नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा बांधला जावा म्हणून डीकेएमएस ही व्यवस्था आहे. फेडोरावर एकेमॉड तेच काम करते. पण बांधायला त्या कर्नलच्या हेडर फाइली आणि योग्य कंपायलर हाताशी असावा लागतो. हेडर राहून गेले तर बांधणी मुकाट्याने फसते. फेडोरावर आणखी एक खाचखळगा आहे: पॅकेज घातल्यानंतर बांधणी मागे चालूच असते, तेव्हा काही मिनिटे थांबूनच रीस्टार्ट करावे लागते. आपल्याला वाटते काम झाले, आणि आपण उठून बटण दाबतो.

चौथी अडचण दोन कार्डांच्या लॅपटॉपची. इंटेल किंवा एएमडीची चिप पडदा सांभाळते आणि जड काम एनव्हिडियाकडे जाते, अशी ऑप्टिमस रचना २०१०मध्ये आली. लिनक्सवर तिच्यासाठी आधी बम्बलबीसारखी स्वयंसेवकांची सोय होती. २०१९च्या ४३५ ड्रायव्हरपासून कंपनीने स्वतः सोय दिली. आज ड्रायव्हर नीट बसलेला असूनही खेळ मंद चालत असेल, तर तो बहुधा छोट्या चिपवरच चाललेला असतो. ते बिघाडाचे लक्षण नाही. त्या खेळापुरते मोठे कार्ड मागावे लागते.

कुडावाल्या विद्यार्थ्यांची एक खास अडचण आहे. एनव्हिडियाच्या कोठारातले 'कुडा' नावाचे एकत्रित पॅकेज आपल्याबरोबर ड्रायव्हरही ओढून आणते. डिस्ट्रोचा ड्रायव्हर आधीच असेल तर दोन आवृत्त्यांची सरमिसळ होते. फक्त 'कुडा टूलकिट' घेतले तर हे टळते. 'एनव्हिडिया-एसएमआय'च्या कोपऱ्यात दिसणारा कुडाचा आकडाही फसवा आहे: तो ड्रायव्हर कुठवरचे कुडा चालवू शकतो हे सांगतो, संगणकावर कुठले बसवले आहे हे नव्हे.

आणि या सगळ्यांवर एक उतारा, जो नवख्याला कोणी आधी सांगत नाही. काळा पडदा म्हणजे मेलेला संगणक नव्हे. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की बहुतेकदा अक्षरी लॉगिन मिळते. तिथून ड्रायव्हर काढता येतो, कार्ड कोणत्या ड्रायव्हरच्या हाती आहे हे 'एलएसपीसीआय'ने पाहता येते, आणि कर्नलच्या नोंदी वाचता येतात. तेही जमले नाही तर ग्रब मेनूत आधीचा कर्नल निवडता येतो. लिनक्स पुन्हा पहिल्यापासून बसवण्याची गरज क्वचितच पडते.

ड्रायव्हर कुठून घ्यावा: तीन भूमिका

पहिली भूमिका डिस्ट्रोवाल्यांची. ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्या कोठारातूनच घ्या, म्हणजे कर्नल, ड्रायव्हर आणि इतर सगळे एकमेकांशी तपासलेले मिळते. उबुंटूचे 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि फेडोरासाठी आरपीएम फ्यूजन याच विचारातून आले. उबुंटूने १९.१०पासून एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या प्रतीतच ठेवला. पॉप ओएस एनव्हिडियासाठी वेगळी प्रत देते. मर्यादा एवढीच, की कोठारातली आवृत्ती काही महिने मागे असू शकते.

दुसरी भूमिका थेट कंपनीकडून फाइल घेण्याची. नवे कार्ड आजच चालवायचे आहे, किंवा एखाद्या विशिष्ट आवृत्तीतच आपली तक्रार सुटली आहे, अशांना ती पटते. तिला आधारही आहे, कारण ती फाइल कंपनीने स्वतः तपासलेली असते. पण तिने काय कुठे ठेवले हे डिस्ट्रोच्या पॅकेज व्यवस्थेला ठाऊक नसते. पुढच्या अपडेटला दोघे एकमेकांच्या फाइली तुडवतात, आणि सोडवणारा माणूस नवखा असेल तर गुंता वाढत जातो.

तिसरी भूमिका तत्त्वाची. संगणक चालवणारा प्रत्येक प्रोग्रॅम वाचता आणि बदलता आला पाहिजे असे मानणारे बंदिस्त फर्मवेअरही नाकारतात. त्यांच्यासाठी लिनक्स-लिब्रे हा कर्नल आणि ट्रिस्क्वेलसारखे डिस्ट्रो आहेत. या मोजपट्टीने एएमडीही पूर्ण मुक्त ठरत नाही, कारण तिच्या कार्डांनाही बंदिस्त फर्मवेअर लागते. डेबियन या डिस्ट्रोने या प्रश्नावर २०२२मध्ये मतदान घेतले. मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलेशन प्रतीत द्यावे असा कौल आला, आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून ते मिळू लागले. तत्त्वाविषयी इतक्या दक्ष असलेल्या समुदायाने हे मान्य केले, हे मला या वादातले महत्त्वाचे वळण वाटते. पहिल्या दिवशी पडदाच दिसला नाही तर त्या माणसाला स्वातंत्र्याची बाजू समजावून सांगायला वेळच मिळत नाही.

नवख्यासाठी तिन्हींत पहिली वाट सर्वात सुरक्षित, असा माझा निष्कर्ष आहे. दुसरी चुकीची नाही. ती ज्याला अक्षरी लॉगिनमधून परत येता येते त्याची आहे.

२०२२ नंतर

मे २०२२मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरच्या कर्नलमधल्या तुकड्याचा कोड जीपीएल आणि एमआयटी अशा दुहेरी परवान्यावर खुला केला. ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे २०१८च्या आरटीएक्स २० आणि त्यानंतरच्या जीटीएक्स १६ मालिकेपासून, कार्डातच जीएसपी नावाचा प्रोसेसर आहे. जे आधी ड्रायव्हर करत असे त्यातले बरेचसे आता तिथल्या फर्मवेअरमध्ये गेले, म्हणून कोड खुला करणे कंपनीला सोपे झाले. ओपनजीएल, व्हल्कन आणि कुडाचा भाग बंदिस्तच आहे. २०२४च्या ५६० ड्रायव्हरपासून नव्या कार्डांसाठी खुला तुकडाच आपसूक निवडला जातो, आणि आरटीएक्स ५० मालिका तर फक्त त्याच्यावरच चालते. या मालिकेवर जुना बंदिस्त तुकडा टाकून काळा पडदा ओढवून घेतल्याची उदाहरणे म्हणूनच दिसतात: सूचना जुनी, कार्ड नवे.

मुक्त बाजूलाही हालचाल आहे. मेसामधला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर फेथ एक्स्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये पुढे आणला आणि २०२४मध्ये तो वापरण्याजोगा झाला. रेड हॅटच्या लोकांनी रस्ट भाषेत नोव्हा नावाचा नवा कर्नल ड्रायव्हर घेतला असून त्याचा पाया २०२५मध्ये कर्नल ६.१५मध्ये गेला. पडद्यावर चित्र मांडणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेविषयीची जुनी भांडणेही निवळली: २०२१च्या ४९५ ड्रायव्हरने जीबीएम ही सर्वमान्य पद्धत स्वीकारली, २०२४च्या ५५५ने चित्र लुकलुकण्याचा मोठा दोष दूर केला. ऑक्टोबर २०२५च्या उबुंटू २५.१०मध्ये तर जीनोम डेस्कटॉपसाठी वेलँडआधीचे जुने एक्सऑर्ग सत्रच उरले नाही. म्हणजे एक्सऑर्गची फाइल हाताने लिहा असे सांगणारे सगळे जुने सल्ले अशा डिस्ट्रोवर आलेल्या नवख्याच्या उपयोगाचे नाहीत.

जे सुटलेले नाही

सर्वात मोठा प्रश्न जुन्या कार्डांचा आहे, आणि तो आपल्याकडच्या घरांशी थेट जोडलेला आहे. जीटीएक्स ७५०, ९६०, १०५०, १०६० ही मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांची कार्डे. एनव्हिडियाने ५८० ही त्यांच्यासाठीची शेवटची शाखा ठरवली आहे. त्यापुढचे ड्रायव्हर त्यांना ओळखत नाहीत. आपसूक सर्वात नवा ड्रायव्हर घेणाऱ्याचा पडदा इथेच काळा होतो. केप्लरची जीटीएक्स ६०० आणि बरीचशी ७०० मालिका त्याआधीच ४७०वर थांबली. मुक्त पर्याय म्हणावा तर जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना जीएसपी नाही आणि स्वाक्षरीचे कुलूप मात्र आहे, त्यामुळे नुव्होवर ती मंदच राहतात. विंडोज १० सुटल्यामुळे लिनक्सकडे येणाऱ्या अनेकांच्या संगणकांत नेमकी हीच कार्डे आहेत. ५८०ची शाखा थांबेल आणि कर्नल पुढे सरकत राहील, तेव्हा यांचे काय, याचे उत्तर आज कोणाकडे नाही.

बंदिस्त तुकडा जीपीएलच्या कर्नलला जोडणे परवान्यात बसते का, हा वाद खुल्या कोडमुळे मंदावला. निकाल लागून मिटलेला नाही. नोव्हा कधी पूर्ण होईल तेही ठरलेले नाही. सिक्युअर बूटची किल्ली बाकी सोपी होत चालली आहे: उबुंटू स्वतः स्वाक्षरी केलेले तुकडे देते, आणि फेडोरा ४१पासून सॉफ्टवेअरच्या दुकानातूनच किल्ली नोंदवण्याची सोय आली.

राहिला सल्ल्याचा प्रश्न, आणि तो आपल्या हातात आहे. वर आलेली जवळजवळ प्रत्येक सूचना कधी ना कधी बरोबर होती. ती घातक ठरते ती कार्ड, डिस्ट्रो आणि वर्ष न सांगता पुढे दिली जाते तेव्हा. मराठीत अशा सूचना अजून थोड्या आहेत, म्हणून चांगला पायंडा पाडायला हीच वेळ आहे. तुमचा काळा पडदा उजळला की काय केले ते मराठीत लिहून ठेवा, आणि वरच्या ओळीत चार गोष्टी नक्की लिहा: कार्डाचे नाव, डिस्ट्रोची आवृत्ती, ड्रायव्हरचा आकडा आणि तारीख.